लाथेचं पोतं

कासारवाडीच्या तालमीत मारुती होता, कुस्तीचा हौदा होता, हौद्यात तांबडी माती होती आणि अर्जुनराव वस्ताद होते. नव्हती ती फक्त पोरं.

पोरं कंपन्यांनी नेली होती. कुणाची पहिली शिफ्ट, कुणाची दुसरी, आणि शिफ्ट सुटली की ओव्हरटाइम. भाकरी खाऊन आडवं झालेलं पोर भोंग्यालाच उठायचं. अर्जुनराव रोज संध्याकाळी एकटेच हौद्यात उतरत, फावड्यानं माती वरखाली करत, तिला ताक-लिंबू पाजत आणि दाराकडे बघत बसत. दारातून आत येई ती बहुधा शेळी.

त्यात अण्णासाहेबांनी पाचर मारली. अण्णासाहेब म्हणजे तालमीच्या पंचांतले थोरले, वयानं अर्जुनरावांच्या बरोबरीचे, आणि एकदा बोलले की शब्द फिरवायचा नाही ही त्यांची ख्याती. ते म्हणाले, "अर्जुना, शेळ्यांसाठी तालीम ठेवायची न्हाई. नागपंचमीपतुर पोरांनी भरलेली दिसली तर दिसली. न्हाईतर एक कारखानदार मागं लागलाय, तेलाची पिंपं ठेवायला जागा पायजे त्याला."

अर्जुनराव त्या दिवशी जेवले नाहीत. सुभद्राबाईंना वाटलं, आमटी बिघडली. अर्जुन आणि सुभद्रा अशी नावं जुळली म्हणूनच यांची सोयरीक जुळली, असं गाव म्हणे. पुढं जुळवून घ्यायचं काम एकटीनं केलं, असं सुभद्राबाई म्हणत.

"आमटीचं न्हाई गं," अर्जुनराव म्हणाले. "माझ्या हौद्यावर पिंपं ठेवणार हायती." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. चाळीस वर्षं ज्या मातीत लोळलो तिच्यावर तेलाचे ओघळ, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग त्यांनी ज्योतीरामला गाठलं. ज्योतीराम लातूरकडचा, कंपनीत फिटर, गल्लीच्या टोकाला एका खोलीत भाड्यानं राहायचा. मुंबईला अप्रेंटिसशिप करताना तो कराटे शिकून आला होता आणि स्टेशनजवळच्या माळावर पोरांना शिकवत होता. गावातली जी पोरं तालमीच्या नावानं जांभया द्यायची ती तिथं पांढऱ्या पायजम्यात "हा! हू!" करत उड्या मारायची. इंग्रजी पिक्चरांचा परिणाम, दुसरं काय. अर्जुनरावांना त्या आरड्याओरड्याचा फार राग होता. कुस्तीत माणूस दम राखतो, हे ओरडून दम घालवतात, असं त्यांचं मत. पण त्यांनी पोरं मोजली आणि राग गिळला.

"माळावर गोखरू टोचून घेण्यापरास तालमीत या की," ते म्हणाले. "हौद्यात न्हाई बरं का. भाईरच्या फरशीवर."

ज्योतीराम खूश झाला. "येतो की वस्ताद. फकस्त एक बॅग टांगायला तुळई द्या. हवेत लाथा मारून पोरं बिघडायलीत. पायाला काही लागलं तर पायाला कळतंय."

दोन-चार दिवसांत बॅग आली. पिंपरीच्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलेली, माणसाच्या छातीपर्यंत उंच, तोंडाशी लोखंडी कड्या. मोकळी होती तेव्हा ती एखाद्या लेंग्याच्या एका पायासारखी दिसत होती. सुभद्राबाईंनी तिला पहिल्याच दिवशी पोतं म्हटलं आणि मग तिचं पोतंच झालं.

पोत्यात काय भरायचं, हा प्रश्न निघताच अर्जुनरावांनी छाती पुढं काढली. "तालमीचं पोतं हाय. तालमीचीच माती भरायची."

ज्योतीराम चाचरला. माती खाली बसते, दगड होते, हे त्याला ठाऊक होतं. पण वस्ताद आपल्या हौद्यातली माती देतायत म्हणजे काळजातलं काही देतायत, एवढं त्यालाही कळत होतं. त्यानं पोत्याचं तोंड उघडून धरलं. पोरांनी घमेली घेतली. नारळ फुटला, कापूर पेटला, आणि ताक, लिंबू, हळद पिऊन मऊ झालेली ती माती पोत्यात गेली. चौघांनी घाम गाळून पोतं टांगलं तेव्हा तुळई कुरकुरली. अर्जुनरावांच्या चेहऱ्यावर नवरीच्या बापासारखं समाधान होतं.

पहिला मान खंडूचा. खंडू म्हणजे अण्णासाहेबांचाच धाकटा, कंपनीत ड्रिल मशीनवर, अंगानं दांडगा. बाप ज्याला माकडचाळे म्हणत होता ते शिकण्यात हा सगळ्यांत पुढं. खंडू पवित्र्यात उभा राहिला, मुठी आवळल्या, मोठ्यानं "हा!" केलं आणि पुढं होऊन पोत्याच्या पाया पडला.

"अरे लाथ मार लाथ!" ज्योतीराम ओरडला.

"पाय उचलत न्हाई सर. आत हौद्याची माती हाय."

दुसरा आला, तोही पाया पडला. तिसऱ्यानं तर पोत्याच्या शिवणीतून आलेली चिमूटभर धूळ कपाळाला लावली. पोरांची रांग पुढं सरकत राहिली, पोतं दर्शन देत राहिलं. ज्योतीराम डोक्याला हात लावून फरशीवर बसला. अर्जुनरावांना एकीकडं पोरांचं कौतुक वाटत होतं आणि दुसरीकडं घाम फुटत होता.

माती परत हौद्यात गेली. मग पेट्या बनवणाऱ्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणला. त्याला कुणी नमस्कार केला नाही, त्यामुळे सगळ्यांना हुरूप आला. पण चार दिवसांत भुसा खाली दडपून बसला, वरचं अर्धं पोतं रिकामं आणि खालचं अर्धं लाकूड. खंडूचा अंगठा सुजला, दोन दिवस तो कंपनीत चप्पल घालून गेला आणि सुपरवायझरच्या शिव्या खाऊन आला.

मग तालमीत सभा भरली. भाताचं तूस भरावं, असं एकानं सुचवलं. सुभद्राबाई दारातूनच कडाडल्या, "लक्ष्मीला लाथा मारताय व्हय रं? तुसात दाणा असतोय!" रद्दी पेपर भरू, असं ज्योतीराम म्हणाला. लगेच दहावी झालेला एक जण उठला, "कागदाला पाय? इद्या हाय ती, सर." कंपनीत मशीन पुसायला सुताचा गुंता मिळतो, तो भंगारातून आणायची टूम निघाली. पण दसऱ्याला ज्या मशीनला हार घालतो तिचं अंग पुसलेलं सूत, आणि कंपनीच्या वस्तूला लाथ म्हणजे पोटावर पाय, असं ठरून तीही बारगळली.

ज्योतीरामचा पारा चढला. "अरे, तुमच्या गावात लाथ मारण्याजोगी एक तरी वस्तू हाय का?"

"वस्तू न्हाई," खंडू विचार करून म्हणाला. "माणसं हायती की पुष्कळ."

तालीम हसली. अर्जुनरावही हसले, पण मनात दिवस मोजत होते. नागपंचमी जवळ येत होती आणि पोरं कंटाळत चालली होती.

शेवटी ज्योतीरामनं आपल्या गुरूची रीत सांगितली. जुने कपडे आणायचे. बटणं, हूक, चेन सगळं कापून टाकायचं, नाहीतर पाय फाटतो. थोडा थोडा थर घालायचा, मुसळानं चेचायचा, मग दुसरा थर. वजनासाठी मधोमध वाळूच्या पुरचुंड्या, जिथं पाय पोचत नाही. असं भरलेलं पोतं बसत नाही, दगड होत नाही.

सुभद्राबाई घरोघर हिंडल्या. बायकांनी हात सैल सोडला. लुगडी आली, परकर आले, धोतरं आली. दोन संध्याकाळ कापाकापी चालली, मुसळाचे दणके गल्लीभर ऐकू गेले. पोतं भरलं आणि ते खरंच सुरेख भरलं. दाबलं की दबायचं, सोडलं की वर यायचं. ज्योतीरामनं त्याला मिठी मारली.

खंडू पवित्र्यात उभा राहिला. उभाच राहिला.

"आता काय झालं?"

"सर," खंडू बारीक आवाजात म्हणाला, "आत आईचं हिरवं लुगडं हाय. मीच चेचलंय."

"माझ्या आज्जीचं बी हाय," मागून आवाज आला. "आज्जी गेली गेल्या साली." मग एकेकाला आठवू लागलं. कुणाची बहीण आत होती, कुणाची चुलती. सगळ्या गावच्या बायका पोत्यात उभ्या असल्यासारखी पोरं त्याच्याकडं बघू लागली.

ज्योतीरामनं कमरेचा पट्टा सोडून खांद्यावर टाकला. तो चिडला नव्हता, नुसता थकला होता. "वस्ताद, तुमचे लई उपकार हायत. पण पिंपरीला एका कॉलनीत हॉल द्यायलेत. तिथं भरलेली बॅग हाय. आत काय भरलंय कुणाला म्हाईत न्हाई, अन् विचारणार बी न्हाई. सोमवारपासून तिकडंच घेतो क्लास."

पोरं खाली मान घालून बाहेर पडली. सोमवारपासून पोरं पिंपरीला, आणि नागपंचमीनंतर पिंपं कासारवाडीला. अर्जुनरावांनी हिशोब करायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पहिल्या शिफ्टला गेली आणि अर्जुनरावांनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली ओढली. सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या. ट्रंकेचा आवाज ऐकताच त्यांचा हात थांबला, कारण ती ट्रंक दसऱ्याशिवाय उघडत नसे. आत फेटे होते. भोसरीच्या जत्रेतला, चाकणच्या उरुसातला, तळेगावचा, आळंदीचा. प्रत्येक फेट्यामागं एक चितपट पडलेला पैलवान होता आणि त्या पैलवानाचं नाव अर्जुनरावांना पाठ होतं. गुलाबी, भगवे, मोरपंखी, काठाला जर. आठ-आठ, दहा-दहा वार कापड.

"काय चाललंय?" सुभद्राबाईंनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"हे कुणाच्या आईचं न्हाई, कुणाच्या आज्जीचं न्हाई. माझं हाय."

"अवो, पोरं लाथा मारतील त्येला!"

"मारू दे की. म्हणून तर भरायचं."

सुभद्राबाईंनी हातातला खडा वेचून टाकला. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तो मोरपंखी तरी ठेवा," त्या म्हणाल्या. "लग्नात तुमच्या डोक्याला होता." मोरपंखी तेवढा ट्रंकेत राहिला. बाकीचे दोघांनी तालमीत नेले.

आधी पोतं खाली उतरवून, लुगडी-धोतरं काढून त्यांचं गाठोडं बांधलं. मग अर्जुनरावांनी एकेक फेटा पिळून त्याचं वेटोळं केलं आणि तळापासून रचत नेलं. फटी राहिल्या तिथं बोहारणीकडून आणलेल्या चिंध्या. मधोमध वाळूच्या पुरचुंड्या. ज्योतीराम सांगत होता तेव्हा वस्तादांचं लक्ष नाही असं वाटलं होतं, पण ते होतं. मुसळ मात्र फेट्यांवर चालवायचा त्यांना धीर होईना. म्हणून ते पोतं भिंतीला टेकवून स्वतःच आत उतरले आणि पायांनी तुडवू लागले. सुभद्राबाईंनी वरची कड धरली होती.

चार पावलं तुडवून झाल्यावर अर्जुनराव दचकले. "अगं, माझे पाय लागले की फेट्यांना!" सवयीनं ते पाया पडायला खाली वाकले आणि कमरेत दुमडून पोत्यात अडकले. वर येता येईना, खाली जाता येईना. आतून नुसता "सुभद्रे, सुभद्रे" असा बुजलेला आवाज येत होता. सुभद्राबाईंनी पोतं आडवं पाडलं, नवऱ्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अर्जुनरावांनी उठून पोत्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि पुन्हा आत उतरले. पुढं दर दहा पावलांनी ते हात खाली नेऊन नमस्कार करत राहिले, पण वाकायचे नाहीत.

संध्याकाळी ते स्वतः ज्योतीरामच्या खोलीवर गेले. "पोतं नवं भरलंय. बोहारणीच्या चिंध्या. पुण्याच्या लोकांचे कपडे हायती, त्यांला कितीबी लाथा मारा."

पुण्याचे कपडे म्हटल्यावर कुणाची हरकत राहिली नाही. पोरांनी पोतं पुन्हा तुळईला चढवलं. खंडूनं उडी घेतली आणि पहिली लाथ हाणली. धप्प! भरीव, गोल, पोटातून आलेला आवाज. पाय न दुखवता पायाला उत्तर देणारं पोतं ज्योतीरामनंही कधी पाहिलं नव्हतं. पिंपरीचा हॉल राहिला बाजूला. पोरांच्या मागं पोरं येऊ लागली, आणि फरशीवर जागा पुरेना तेव्हा वाट बघणारी पोरं वेळ घालवायला हौद्यात उतरून एकमेकांना पाडू लागली. तालमीत पुन्हा घामाचा वास भरला. अर्जुनराव ओट्यावर बसून सगळं ऐकत. प्रत्येक धप्पसरशी त्यांना थोडं टोचायचं आणि पुष्कळ बरं वाटायचं. आत्ताचा भोसरीला लागला, हा चाकणला, असं ते मनाशी म्हणायचे.

नागपंचमी आली. हौद्याची पूजा झाली आणि अण्णासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोक्याला भगवा फेटा बांधून, तालीम बघायला आले. तालीम भरलेली होती, हे नाकारायला जागा नव्हती. तरी ते नाक मुरडून म्हणाले, "हे पोत्याशी भांडणं म्हंजी तालीम व्हय? पोतं काय उलटा डाव टाकतंय?"

"आण्णा, बघा तर खरं," म्हणून खंडू पुढं झाला. बापासमोर करून दाखवायचं म्हणून त्यानं सगळा जोर लावला. लाथ शिवणीवर बसली, शिवण टरकन उसवली आणि आतून गुलाबी कापडाचं वेटोळं बाहेर आलं. काठाला जर चमकत होती.

पुण्याचे लोक चिंध्यांनाही जर लावतात की काय, असं पोरांना क्षणभर वाटलं. अण्णासाहेब मात्र पुढं आले, त्यांनी ते टोक हातात घेतलं आणि ओळखलं. "हा फेटा मी बांधलाय ह्याच्या डोक्याला. भोसरीच्या जत्रंत. सगळ्या गावानं खांद्यावर घेतला होता ह्याला." त्यांचा आवाज चढला. "अर्जुना! कुणी भरलं हे?"

"मी," अर्जुनराव म्हणाले. "सगळे भरलेत. एक सोडून."

खंडूनं लाथ मारलेला पाय मागं घेतला. पोरं मागं सरकू लागली. अर्जुनरावांना दिसलं, आता ही पोरं या पोत्याला कधीच पाय लावणार नाहीत, आणि उद्या इथं पिंपं येतील. मग त्यांना पोत्यात अडकलेला तो नमस्कार आठवला.

"खंडू," ते म्हणाले, "कशाला चुकून पाय लागला तर आपण काय करतो रं?"

"पाया पडतो, वस्ताद."

"मग पड. कोण नको म्हणतंय? पण आधी पाय नीट लागू दे. अर्धवट लागलेल्या पायाचा नमस्कार मला नको."

खंडू हलेना. मग त्यानं डोळे मिटले, लाथ मारली, घाईघाईनं पोत्याला हात लावून कपाळाला नेला. "हळू लागली," अर्जुनराव म्हणाले. खंडूनं पुन्हा मारली. या वेळी पोतं तुळईपर्यंत उसळलं आणि नमस्कारही झोकात झाला. मागच्यानं तेच केलं, त्याच्या मागच्यानंही. धप्प आणि नमस्कार, धप्प आणि नमस्कार. ज्योतीराम कुरकुरला, "वस्ताद, लढतीत असं करतील तर मार खातील की." पण त्याची पाळी आली तेव्हा त्यानंही हात कपाळाला लावला.

अण्णासाहेबांनी हात वर केला. रांग थांबवून ते पोत्यापाशी गेले आणि उसवलेल्या जागी बोटं घालून चाचपू लागले. "हितं पोकळ पडलंय," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी आपला फेटा उतरवला. त्यांचं गुळगुळीत टक्कल गावानं पहिल्यांदाच उजेडात पाहिलं. फेट्याचं वेटोळं करून त्यांनी ते अर्जुनरावांच्या हातात दिलं. "घाल आत. पिंपवाल्याला मी सांगतो, दुसरीकडं जागा बघ म्हणून."

अर्जुनरावांनी फेटा आत दडपला. सुभद्राबाईंनी दाभण आणि सुतळी आणून शिवण घातली.

"चल, मार," अण्णासाहेब खंडूला म्हणाले.

"आण्णा, तुमच्या फेट्याला..."

"घरात माझं एक ऐकत न्हाईस. हितं तरी ऐक."

खंडूनं लाथ हाणली. तुळई थरारली. नमस्कार करायला तो वळला, पण पोत्याकडं न जाता त्यानं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. अण्णासाहेबांना काय करावं सुचेना, ते नुसते टकलावरून हात फिरवत राहिले.

अर्जुनरावांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. डोळे तसेच ओले ठेवून त्यांनी रांगेकडं पाहिलं. ती दाराबाहेर गेली होती.

"पुढचा कोण रं?" ते ओरडले.